बाराबंदीची गाठ अन् ४० सेकंदांचा अंधार

नाटकाच्या कपड्यांचं काम शिकायचंय, असं दोघीतिघींनी विचारलं, म्हणून लिहितेय. मापं घेणं, इस्त्री, प्रत्येक पात्राची वेगळी पिशवी, हे तुम्हाला येतंच. कोरा पांढरा कपडा दिव्यांखाली डोळ्यांवर येतो, तो चहाच्या पाण्यातून काढायचा, हेही कुणी ना कुणी सांगेल. कपडा अंगातून निघायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा, हे मात्र मला कुणी सांगितलं नव्हतं.

हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेचा प्रयोग होता. एका पात्राला बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा, हवी होती. आपल्या सोलापुरात तिला काय तोटा! संक्रांतीला भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी घालून नंदीध्वजाबरोबर, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांबरोबर, चालणाऱ्या एका घरातून मागून आणली. दुसऱ्या अंकात तोच नट ब्लॅकआऊटमध्ये हवालदार होणार होता. वेळ ४० सेकंद. तालमी सगळ्या टी-शर्टवर झालेल्या. प्रयोगात घामानं सुती बंद ओले झाले, नटानं घाईत भलतंच टोक ओढलं आणि सुरगाठीची निरगाठ बसली. विंगेत मिट्ट काळोख, बारकी टॉर्च माझ्या दातांत, नखं दुखायला लागली तरी गाठ हलेना. शेवटी दोन बंद कात्रीनं कापले. हवालदार उघड्या बटणांनी रंगमंचावर गेला आणि गंभीर प्रवेशात हशा पिकला. त्या रात्री घरी जाऊन रडले.

मग पूर्व भागातल्या एका शिलाईच्या मास्तरांकडे गेले. शाळेचे गणवेश शिवण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी वरचे बंद आयते गाठ मारून नुसते दिसायला टाचले, आत टिचबटणं लावली. वेल्क्रो नको म्हणाले, शांत प्रवेशात त्याचा चर्र आवाज शेवटच्या रांगेत जातो. खाकी पँट धोतराच्या आत आधीच घालून ठेवायची, हेही त्यांचंच. डिझायनिंगचे महागडे कोर्स करण्यापेक्षा अशा मास्तरांच्या मशीनशेजारी दोन महिने बसा, असं माझं मत आहे. कोर्सवाल्यांना राग येईल, येऊ दे.

ड्रेपरीवाल्याकडून सगळं भाड्यानं आणून मोकळं व्हायचं असेल, तर या कामात येऊच नका. पण चुकांना भिऊ नका, पहिल्या वर्षी सगळ्यांचंच काहीतरी उसवतं. रंगीत तालमीला मात्र दिग्दर्शकाशी भांडून दिवे बंद करायला लावा आणि प्रत्येक बदल अंधारात तीनदा करून घ्या. 'वेळ नाही' म्हणतील. तरी हलू नका. रिक्षाभाडंही आधीच मागून घ्या, हौशी संस्थेत नंतर कुणी देत नाही.

बाराबंदीला नवे बंद शिवून संक्रांतीच्या आधी परत केली. त्या घरातल्या काकूंनी खुर्ची दिली, चहा दिला, कापलेल्या जागेवरून एकदा बोट फिरवलं. पुढच्या वर्षी मागायला गेले, तर म्हणाल्या, "यंदा धुवायला टाकलीय गं."