लहान रुग्णालयाने रुग्णाच्या नोंदी ‘आभा’मार्फत दुसऱ्या डॉक्टरांपर्यंत कशा पोहोचवाव्यात

तालुक्याच्या गावातून पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात पाठवलेला रुग्ण आजही पिशवीत कागद कोंबून नेतो आणि त्या पिशवीत नेमके डिस्चार्ज कार्डच नसते. यावर उपाय म्हणून अनेक डॉक्टर रिपोर्टचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. घाईच्या वेळी ते उपयोगी पडते हे खरे. मात्र कोणी, कोणाच्या परवानगीने, काय पाहिले याची नोंद राहत नाही आणि महिनाभराने तो फोटो शोधूनही सापडत नाही. २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये या देवाणघेवाणीसाठी एक शिस्तीची वाट आहे. दहा-वीस खाटांच्या रुग्णालयाने ती कशी धरावी, एवढाच या लेखाचा विषय आहे.

‘आभा’ म्हणजे या मिशनमध्ये रुग्णाच्या नावाने उघडले जाणारे आरोग्य खाते (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट). त्याबद्दलचा एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘आभा’ क्रमांक घेतला म्हणजे रुग्णाची सगळी माहिती सरकारच्या एखाद्या कोठारात जाऊन पडते, असे नाही. नोंदी ज्या रुग्णालयात तयार झाल्या त्याच्याच ताब्यात राहतात. मागणी आली आणि रुग्णाने संमती दिली की तेवढ्या नोंदी कूटबद्ध होऊन मागणाऱ्याकडे जातात. याचा व्यवहारातला अर्थ असा की, ज्या सर्व्हरवर तुमच्या नोंदी आहेत तो बंद पडला तर पलीकडच्या डॉक्टरांना काहीही मिळणार नाही. त्यामुळे बॅकअपची जबाबदारी तुमचीच राहते.

पहिले काम नोंदणीचे. रुग्णालयाची नोंद हेल्थ फॅसिलिटी रजिस्ट्रीत (मिशनची रुग्णालयांची यादी) आणि प्रत्येक डॉक्टरची नोंद हेल्थकेअर प्रोफेशनल्स रजिस्ट्रीत (डॉक्टरांसारख्या आरोग्य व्यावसायिकांची यादी) करावी. डॉक्टरांच्या नोंदीसाठी संबंधित परिषदेचा, म्हणजे अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांच्या बाबतीत महाराष्ट्र वैद्यक परिषदेचा, नोंदणी क्रमांक हाताशी ठेवावा. त्यानंतर सॉफ्टवेअर. मिशनशी जोडणीचे तीन टप्पे आहेत: पहिल्यात आभा क्रमांक तयार करणे व पडताळणे, दुसऱ्यात आपल्याकडील नोंदी त्या क्रमांकाशी जोडून मागणीनुसार पुरवणे, आणि तिसऱ्यात इतरांकडील नोंदी संमतीने मागवणे. ‘आमचे सॉफ्टवेअर आभाला जोडलेले आहे’ असे विक्रेत्याने सांगितले तरी कोणता टप्पा पूर्ण झाला आहे हे स्पष्ट विचारावे, कारण केवळ पहिल्या टप्प्यावर थांबलेल्या सॉफ्टवेअरमधून एकही रिपोर्ट बाहेर जात नाही.

खरी कसोटी मात्र नोंदणीच्या खिडकीवर लागते. आभा क्रमांक चौदा अंकी असतो आणि त्याच्या जोडीला लक्षात ठेवायला सोपा असा आभा पत्ता असतो. रुग्णाने खिडकीवरील क्यूआर कोड आपल्या मोबाइलवरून स्कॅन केला की नाव, लिंग, जन्मतारीख हा तपशील थेट तुमच्या पडद्यावर येतो. तो पुन्हा हाताने टंकू नये. जुन्या रुग्णांच्या नोंदी जोडताना अडचण येते, कारण जुळणी मोबाइल क्रमांक, नाव, लिंग आणि जन्मवर्ष यांवरून होते. आपल्याकडे एकाच मोबाइलवर घरातल्या पाच जणांचे केसपेपर काढलेले असतात, लग्नानंतर बाईंचे नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले असते, कुठे आडनाव आधी तर कुठे शेवटी लिहिलेले असते, आणि ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत लिहिताना दोन कारकुनांचे क्वचितच एकमत होते. वयाच्या रकान्यात अंदाजे ‘६०’ लिहायची सवय तर सार्वत्रिक आहे. म्हणून खिडकीवरच्या कर्मचाऱ्याला तीन गोष्टी पक्क्या सांगाव्यात: नाव आभाप्रमाणेच लिहावे, वयाऐवजी जन्मवर्ष विचारावे आणि मोबाइल नेमका कोणाचा आहे हे नोंदवावे. जुळणीबद्दल शंका असेल तर नोंद जोडू नये. सासूचा मधुमेहाचा रिपोर्ट सुनेच्या नावावर गेल्यास होणारे नुकसान रिपोर्ट न जाण्यापेक्षा मोठे आहे.

काय पाठवावे, याचाही विचार हवा. मिशनमध्ये बाह्यरुग्ण तपासणी, औषधचिठ्ठी, तपासण्यांचे अहवाल, डिस्चार्ज सारांश, लसीकरण असे नोंदींचे प्रकार ठरलेले आहेत आणि त्यांची मांडणी एफएचआयआर या, संगणकांना एकमेकांच्या आरोग्य नोंदी वाचता याव्यात म्हणून ठरवलेल्या, मानकानुसार होते. कागद स्कॅन करून पीडीएफ जोडण्याची सोय आहे, पण पीडीएफमधले क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) पलीकडच्या संगणकाला मागच्या आकड्यांशी ताडून पाहता येत नाही. सगळेच टंकायला माणूस नसेल तर निदान डिस्चार्ज सारांशातील निदान, सुरू असलेली औषधे मात्रेसह, औषधांची अ‍ॅलर्जी आणि झालेली शस्त्रक्रिया एवढे तरी शब्दांत भरावे. माझ्या मते बाकी पंधरा पानांपेक्षा या चार ओळींचा उपयोग अधिक होतो.

दुसरीकडच्या नोंदी मागवायच्या असतील तर संमतीची विनंती रुग्णाच्या मोबाइलमधील, आभाशी जोडलेल्या अ‍ॅपवर पाठवावी लागते. तिच्यात उद्देश, नोंदींचे प्रकार, कोणत्या काळातील नोंदी हव्यात आणि त्या आपल्याकडे कधीपर्यंत राहतील, हे सारे नमूद असते. येथे ‘सगळेच मागून ठेवू’ हा मोह टाळावा. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्त गोठण्याचे अहवाल आणि हृदयाच्या तपासण्या हव्या असतील तर तेवढेच मागावे. वीस वर्षांपूर्वीच्या मानसोपचाराच्या कागदांशी तुमचा संबंध नाही. रुग्णाला विनंतीतील काळ आणि प्रकार कमी करून संमती देता येते, नंतर ती मागेही घेता येते, आणि हे त्याला मराठीत समजावून सांगणे डॉक्टरांचे काम आहे. रुग्णाचा मोबाइल मागून घेऊन त्याच्या वतीने ओटीपी टाकणे म्हणजे संमती घेणे नव्हे, मग मागे कितीही रांग लागलेली असो.

आभा क्रमांक ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणाचा केसपेपर अडवू नये. स्मार्टफोन नसलेल्या रुग्णाला पूर्वीप्रमाणेच छापील डिस्चार्ज कार्ड द्यावे. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांना लागू असलेल्या २००२ च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीने नोंदी मागितल्यास त्याची पोच देऊन ७२ तासांत त्या पुरवाव्या लागतात, आणि आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपाव्या लागतात. त्यामुळे संगणक आला म्हणून कागदी नोंदवही लगेच रद्दीत काढू नये.