सर्व्हिस चालू आहे, पण कुठल्या कॉन्फिगवर?

लिनक्स सपोर्टला किंवा डेवऑप्सला नवीन लागलेल्या पोरांची एक सवय हमखास दिसते, कॉन्फिगची म्हणजे सेटिंगची फाईल बदलली की लगेच सर्व्हिसला रीस्टार्ट मारायचा. टेस्ट मशीनवर चालून जातं, कोण बघतंय. पण प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरत असलेल्या सर्व्हरवर, भर दुपारी एनजिनएक्स हा वेब सर्व्हर रीस्टार्ट केलात आणि कॉन्फिगमध्ये कुठेतरी एक सेमीकोलन राहिलेला असला तर जुनी प्रोसेस थांबते, नवीन उभीच राहत नाही, आणि मग फोन सुरू. म्हणून आधी कॉन्फिग तपासणारी कमांड एनजिनएक्स हायफन टी, तो "सक्सेसफुल" म्हणाला की मग सिस्टिमसीटीएल रीलोड, म्हणजे सर्व्हिस बंद न करता नवीन कॉन्फिग वाचायला लावणं. हा क्रम हातात बसवून घ्या.

मी नवीन माणसाला पहिल्यांदा एवढंच समजावतो की कॉन्फिग एका वेळी तीन ठिकाणी असतं: डिस्कवरच्या फाईलमध्ये, सिस्टिमडीने (सर्व्हिस चालू-बंद करणारा लिनक्सचा मॅनेजर) वाचून ठेवलेल्या युनिट फाईलमध्ये, म्हणजे सर्व्हिस कशी चालवायची ते लिहिलेल्या फाईलमध्ये, आणि चालू प्रोसेसच्या मेमरीत. तुम्ही व्हीआय एडिटरमध्ये सेव्ह केलंत म्हणजे फक्त पहिलं बदललं, बाकी दोघांना पत्ताच नाही. "अहो मी बदललंय पण होत नाहीये" ही तक्रार दहातल्या आठ वेळा इथेच अडकलेली असते.

आता सिस्टिमसीटीएलची डीमन-रीलोड ही कमांड. नावामुळे सगळ्यांना वाटतं की याने आपला डीमन, म्हणजे मागे चालणारी सर्व्हिस, रीलोड होतो, तर तसं नाही, याने फक्त सिस्टिमडी स्वतः युनिट फाईली परत वाचतो, तुमच्या चालू सर्व्हिसला तो हातही लावत नाही. युनिटमध्ये एक्झेकस्टार्ट (सर्व्हिस सुरू करायची कमांड) किंवा एन्व्हायर्नमेंट बदललं असेल तर डीमन-रीलोड आणि त्यानंतर रीस्टार्ट, दोन्ही लागतात, कारण एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रोसेसला जन्माच्या वेळीच मिळतं, नंतर बाहेरून बदलता येत नाही. आणि पॅकेजने टाकलेली मूळ युनिट फाईल थेट एडिट करू नका, पुढच्या अपडेटला बदल उडून जातो. सिस्टिमसीटीएल एडिट वापरा, ते वेगळी ओव्हरराइड फाईल बनवतं आणि सेव्ह केल्यावर डीमन-रीलोडही स्वतःच करतं. त्यात एक्झेकस्टार्ट बदलायचं असेल तर आधी एक्झेकस्टार्ट बरोबर आणि पुढे काहीच नाही अशी रिकामी ओळ लिहा, मग खाली नवीन, नाहीतर एकाला दोन कमांड झाल्या म्हणून सर्व्हिस चालूच होत नाही.

रीलोडच्या वेळी आत काय होतं हे एकदा डोळ्यांनी बघाच, मजा येते. एका टर्मिनलवर पीएस कमांडने एनजिनएक्सच्या प्रोसेस बघत रहा, दुसरीकडे रीलोड करा. मास्टरला, म्हणजे मुख्य प्रोसेसला, सिगहप नावाचा सिग्नल जातो, तो कॉन्फिग तपासतो, ठीक असेल तर प्रत्यक्ष रिक्वेस्ट हाताळणारे नवीन वर्कर उभे करतो आणि जुन्यांना सांगतो की हातातलं काम संपवा आणि जा. मास्टरचा पीआयडी (प्रोसेसचा नंबर) तोच राहतो, वर्करचे बदलतात. जुन्या वर्करपुढे "इज शटिंग डाउन" लिहिलेलं दिसतं, आणि वेबसॉकेटवाली, म्हणजे कनेक्शन उघडंच ठेवणारी, साइट असेल तर ते म्हातारे तासन् तास तसेच बसून असतात, जुन्याच कॉन्फिगवर. वर्कर शटडाउन टाइमआउट नावाचं सेटिंग आहे त्यासाठी, गरज असेल तरच लावा.

रीलोडने एरर दिला नाही म्हणजे झालं असंही समजू नका. बऱ्याचदा सिग्नल पोचला एवढंच कळतं. नवीन लिसन पोर्ट आधीच दुसऱ्या कोणी धरून ठेवला असेल तर एनजिनएक्स एरर लॉगमध्ये लिहितो आणि गुपचूप जुन्याच कॉन्फिगवर चालत राहतो. एनजिनएक्स हायफन कॅपिटल टी पूर्ण कॉन्फिग छापतं, पण तेही डिस्कवरचं, मेमरीतलं नाही. त्यामुळे रीलोडनंतर एरर लॉग आणि एक कर्ल (टर्मिनलवरून साइटला पाठवलेली रिक्वेस्ट), इतकं बघायलाच हवं.

पोस्टग्रेस हा डेटाबेस या बाबतीत शहाणा आहे. तिथे वर्क मेम हे सेटिंग बदललं तर रीलोड पुरतो, शेअर्ड बफर्स किंवा मॅक्स कनेक्शन्सला मात्र रीस्टार्टच लागतो. आणि कुठल्याला काय लागतं ते पाठ करायची गरज नाही, पोस्टग्रेसच्याच आतल्या पीजी सेटिंग्ज या यादीत कॉन्टेक्स्ट कॉलम बघा, पोस्टमास्टर असेल तर रीस्टार्ट. पेंडिंग रीस्टार्ट कॉलम तर सरळ सांगतो की फाईल बदलली आहे पण अजून लागू नाही. असं प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असतं तर निम्मी तिकिटं आलीच नसती.

सर्व्हिस अडकली म्हणून लगेच किल हायफन नऊ, म्हणजे प्रोसेसला तडकाफडकी मारणं, नको, निदान डेटाबेसला तरी नको. सिस्टिमसीटीएल स्टॉप आधी टर्म, म्हणजे नीट आवरून बंद हो असा सिग्नल, पाठवतो, साधारण 90 सेकंद वाट बघतो आणि मगच किल करतो, तेवढा धीर धरा.

शेवटचं एसएसएचडीचं, म्हणजे दूरच्या मशीनवर लॉगिन देणाऱ्या सर्व्हिसचं. आधी एसएसएचडी हायफन टी, मग रीलोड, आणि चालू सेशन अजिबात बंद करायचं नाही. त्या सेशनची प्रोसेस वेगळी असल्यामुळे ते टिकून राहतं. दुसऱ्या टर्मिनलवरून नवीन लॉगिन करून बघा, आत गेलात की मगच पहिलं बंद करा, नाही गेलात तर पहिल्यातून फाईल पूर्ववत करा.