ओरॅकल डेटाबेस 19सी वर अपग्रेड केलं आणि लॉगिनच होईना? आधी हे बघा

बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीचं बिलिंग असू दे नाहीतर चिकोडीकडं कारखान्याची ऊसबिलं, अपग्रेडनंतर फोन एकच येतोय, "साहेब, आत जाईना की!" लगेच बॅकअप रिस्टोर करायला पळू नका, डेटा बहुतेक वेळा ठीकच असतोय, अडकतंय ते सेटिंगमध्ये.

पहिलं काम, एसपीफाईलवरून (डेटाबेसची सेटिंग ठेवणारी बायनरी फाईल) पीफाईल (त्याच सेटिंगची वाचता येणारी फाईल) काढून ठेवा आणि अपग्रेडआधीच्या पीफाईलशी ओळीनं ताडून बघा. डेटाबेस चालू करताना ओआरए-32004 हा एरर आला तर घाबरायचं नाही, जुनाट पॅरामीटर (सेटिंग) राहिलाय एवढंच तो सांगतोय, डेटाबेस चालूच होतोय. कुठला पॅरामीटर ते अलर्ट लॉगमध्ये (डेटाबेसची नोंदवही) नावानिशी मिळतंय, तो काढून टाका.

ओआरए-12514 म्हणजे लिसनरला (बाहेरून येणारं कनेक्शन डेटाबेसकडं पोचवणारा प्रोग्रॅम) तुमची सर्व्हिसच माहीत नाही. लिसनरचं स्टेटस बघा, मग लोकल लिसनर पॅरामीटरमध्ये जुन्या सर्व्हरचं नाव किंवा पोर्ट राहिलंय का बघा, दुरुस्त करून 'ऑल्टर सिस्टम रजिस्टर' द्या. हातानं अपग्रेड केलं असंल तर जुन्या होममधल्या (ओरॅकल बसवलेला फोल्डर) लिसनर, टीएनएसनेम्स आणि एसक्यूएलनेटच्या नेटवर्क सेटिंगच्या फाईली नव्या होममध्ये आल्यात का तेपण बघा, हे लई जण विसरतात.

खरा घोळ पासवर्डचा. 12.2 पासून सर्व्हर लॉगिनची किमान पातळी आपोआप 12 धरतोय, म्हणून गेटवरच्या वजनकाट्याच्या पीसीवर जुना क्लायंट (डेटाबेसला जोडणारं ओरॅकलचं सॉफ्टवेअर) असंल तर ओआरए-28040 येणारच. एसक्यूएलनेट फाईलमध्ये अलाउड लॉगऑन व्हर्जन सर्व्हर 11 करा, काम चालू होऊ दे, पण हे तात्पुरतं बरं का, क्लायंट बदलला की ओळ काढायची. पासवर्ड बरोबर असूनपण ओआरए-01017 आला तर डीबीए यूजर्स या यादीत पासवर्ड व्हर्जन्स बघा, नुसतं 10जी (जुन्या पद्धतीनं साठवलेला पासवर्ड) दिसलं तर त्या युजरचा पासवर्ड नव्यानं सेट करा. सेक केस सेन्सिटिव्ह लॉगऑन (पासवर्डात लहान-मोठी अक्षरं वेगळी धरायची का ते ठरवणारा पॅरामीटर) फॉल्स ठेवलेलं असंल तर ते ट्रू करा, फॉल्स आणि लॉगिन पातळी 12 एकत्र नांदत नाहीत.

एका वेळी एकच सेटिंग बदला आणि वहीत लिहा, नाहीतर कशानं सुटलं ते कुणालाच कळत नाही.

आणि कंपॅटिबल हा पॅरामीटर (डेटाबेस कुठल्या व्हर्जनप्रमाणं वागायचा ते ठरवणारा) वाढवायची घाई अजिबात नको, एकदा वर नेलं की खाली येत नाही, डाऊनग्रेडचा रस्ता बंद. गळीत हंगाम चालू असंल तर तो संपेपर्यंत जुन्यावरच राहू दे.