नवतप्याआधी टिनाचं छत असं थंड करा

नागपुरात मे महिन्यात, त्यातही मे अखेरच्या नऊ दिवसांच्या नवतप्यात, पारा 45-46 ला टेकतो. वस्तीतल्या टिनाच्या घरात दुपारी त्याहूनही जास्त तापतं, आणि पंखा ती पत्र्याखालची गरम हवाच अंगावर ढकलतो. म्हणून पैसा आधी छताला घाला, कूलरला नंतर.

नवं चकचकीत टिन ऊन परतवतं खरं, पण शिरलेली उष्णता लवकर सोडत नाही. पांढरा रंग दोन्ही करतो. चुना स्वस्त पडतो, पण तो स्लॅबसाठी ठेवा. टिन दिवसा फुगतं, रात्री आकसतं, त्यामुळे चुन्याच्या पापड्या सुटतात. शिवाय ओला चुना पत्र्यावरचं जस्त खातो. टिनाला बाहेरच्या भिंतीचा पांढरा अ‍ॅक्रिलिक रंग किंवा कूल रूफ कोटिंगच घ्या. 10 बाय 12 च्या खोलीवर बाहेर आलेल्या कडांसकट साधारण 150 चौरस फूट पत्रा असतो. पत्र्याच्या नाळ्यांचे (लाटांचे) 15 टक्के वाढवून 175 धरा. डब्यावरचा लिटरमागे चौरस फुटांचा हिशोब एका हाताचा की दोन हातांचा, हे दुकानातच वाचा.

काम मार्चमध्ये उरका. चढण्याआधी मेन स्विच बंद करा आणि पत्र्यावरून गेलेल्या वायरींपासून लांब राहा. खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर मेन बंद केला तरी चालूच असते. पाय बोल्टच्या ओळीवर, मधे आडवी फळी. गंज तारेच्या ब्रशने घासा, पत्रा धुऊन वाळवा, गंजल्या जागी रेड ऑक्साइडचा प्रायमर, भोकांना एम-सील. अ‍ॅस्बेस्टॉसचा सिमेंट पत्रा कोरडा घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात बसते. ओला करून मऊ ब्रश फिरवा. तो पायाखाली अचानक तुटतोही. पहिला हात सकाळी 9 च्या आत मारा, कारण तापल्या पत्र्यावर रंग फोड धरतो. दुसरा हात दुसऱ्या सकाळी. पुढच्या वर्षी रंग नसला तरी धूळ तेवढी धुवा. मळलेला पांढरा निम्म्या कामाचा.

आतून बुरडाकडचा बांबूचा तट्टा लावा, पण पत्र्यापासून अर्धा फूट खाली आणि दोन्ही टोकं उघडी ठेवून. पत्र्याला चिकटवला तर मधली गरम हवा निघायला वाट राहत नाही. थर्माकोल आणि जुने फ्लेक्स फुकट मिळतात, पण एका ठिणगीत पेटतात. चूल असलेल्या घरात नकोतच.

आता कूलर. समोरची खिडकी उघडी नसेल तर नुसता चिकचिकाट होतो. खरा धोका करंटचा आहे: टिनाच्या भिंतीला टेकलेल्या कूलरमध्ये बिघाड झाला तर अख्खी भिंत करंट मारते. तीन पिनांचा प्लग, चालू अर्थिंग आणि 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच लाइट तोडणारा स्विच) लावल्याशिवाय बटण दाबू नका. पाणी भरताना प्लग काढायचाच. टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात. आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. लाइट गेली नाही तर तो निकामी झालाय, बदला.