काळ्या जमिनीतला शोषखड्डा पावसात तुंबतो तेव्हा

खान्देशातल्या काळ्या मातीला मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पहिल्या दमदार पावसात तीच माती फुगून पाणी शोषायचं थांबवते. त्यात हल्ली आठवड्याचा पाऊस दोन तासांत कोसळतो. मग संडासाचं भांडं गुडगुडतं, पाणी उतरत नाही. दोष बहुधा सेप्टिक टाकीचा नसतो, तिचं पाणी जमिनीत मुरवणाऱ्या शोषखड्ड्याचा असतो.

आधी गच्चीचा पाइप चेंबरमध्ये सोडलाय का ते बघा. बऱ्याच घरी असतोच! तो तोडून गटारीकडे वळवा. चेंबरची कड जमिनीपेक्षा १५ सेंमी उचला, झाकणाची फट बुजवा. शोषखड्डा काळी माती संपून मुरूम लागेपर्यंत न्या. पण तळ पावसाळी भूजलपातळीच्या २ मीटर वर हवा. भूजल वर असेल तर खड्डा खोल नको, रुंद करा.

टाकीतून बाहेर जाणारा पाइप आत येणाऱ्यापेक्षा ५ सेंमी खाली, दोन्हीकडे टी (इंग्रजी T आकाराचा पाइपचा जोड). टी नसली की वर तरंगणारी घाणीची साय शोषखड्ड्यात जाते आणि तो कायमचा तुंबतो.

उपसा पावसाळ्याआधी. भर पावसात रिकामी केलेली प्लास्टिकची टाकी ओल्या जमिनीतून वर उचलली जाते. उपसल्यावर लगेच पाणी भरा. टाकीत कुणालाही उतरवू नका, वायूने क्षणात शुद्ध हरपते.