दुकानात कार्ड गेमची टुर्नामेंट ठेवायचीय? मग आधी फॉरमॅटचं बघा

मॅजिक, पोकेमॉन, युगिओसारख्या कार्ड गेमसाठी, म्हणजे ज्यात प्रत्येक जण स्वतःची कार्डं जमवून त्यांचा डेक बांधतो, दुकानात चार टेबलं टाकली, कार्डांच्या बंद पॅकचे बूस्टर बॉक्स मागवले, आता दर आठवड्याला टुर्नामेंट घ्यायची असं ठरलं की पहिला प्रश्न येतो फॉरमॅट कुठला, आणि इथे बरेच जण बाहेरचे स्ट्रीम बघून नाहीतर स्वतःला जे खेळायला आवडतं तेच ठेवून मोकळे होतात. पोस्टर भारी दिसतं, येतात तिघं. फॉरमॅट म्हणजे काय तर कुठली कार्डं चालणार, डेक कितीचा, मॅच किती वेळाची, बस. पण त्यावरच ठरतं की तुमच्याकडे येणारा पोरगा खेळणार की मागे उभा राहून बघणार. त्यामुळे माझं मत सरळ आहे, लोकांच्या डब्यात आधीच जी कार्डं पडलीयेत त्यावरून फॉरमॅट निवडायचा. हे सगळं नाशिकचा हिशोब धरून लिहितोय, मुंबई-पुण्यात गर्दी जास्त म्हणून तिकडे थोडं काहीही खपून जातं.

तर पहिलं काम, काहीही जाहीर करायच्या आधी काही रविवार नुसतं फ्री प्ले ठेवा. सगळ्यांना सांगा डबा घेऊन या. मग एका वहीत लिहा, कोण कुठला गेम खेळतो, पूर्ण डेक आहे की सुटी कार्डं, घरी किती वाजता पोचायचंय. शेवटचं मजेत लिहिलेलं नाही, इंदिरानगर किंवा नाशिकरोडवरून कॉलेज रोडला येणारा शाळकरी मुलगा साडेआठला निघणार म्हणजे निघणारच, त्याचे बाबा खाली गाडी घेऊन उभे असतात. व्हॉट्सअॅप पोलवर मात्र विश्वास ठेवू नका, पोलमध्ये सगळ्यांना मॉडर्न (मॅजिकचा एक फॉरमॅट) खेळायचं असतं आणि प्रत्यक्षात मॉडर्नचा पूर्ण डेक असलेले दोघंच निघतात.

डबे उघडले की दोन गोष्टी नक्की दिसतील. एक म्हणजे ती सोनेरी प्लास्टिकची पोकेमॉन कार्डं, स्टेशनरीच्या दुकानातली. ती नकली आहेत हे त्या पोराला चारचौघांत ऐकवू नका, तो परत येणार नाही. दुकानाचे दोन-तीन तयार डेक ठेवा, पोकेमॉनचे लीग बॅटल डेक यासाठी मस्त आहेत, आणि त्याला त्यातला एक खेळायला द्या. दुसरं म्हणजे युगिओची सरमिसळ, टीसीजी म्हणजे इंग्लिश आवृत्तीची आणि ओसीजी म्हणजे जपानी आवृत्तीची कार्डं एकाच डेकमध्ये. अधिकृत टीसीजी स्पर्धेत जपानी कार्डं चालत नाहीत, मॅजिकमध्ये मात्र कुठल्याही भाषेतलं खरं कार्ड चालतं. तुमची साधी दुकानातली स्पर्धा असेल तर काय चालेल ते आधीच ठरवून भिंतीवर लावा, ऐन वेळी टेबलावर वाद नको.

आता वेळेचा हिशोब, हा सगळ्यात महत्त्वाचा आणि हाच कोणी करत नाही. टुर्नामेंट बहुतेक स्विस पद्धतीने होते, म्हणजे हरलेला बाहेर जात नाही, सारख्या गुणांवाल्यांशी जोड्या लागतात, जिंकलं तर 3, बरोबरी 1, हरलं तर शून्य. आठ जण असले तर 3 राउंड पुरतात, सोळापर्यंत 4, बत्तीसपर्यंत 5. मॅजिकची बेस्ट ऑफ थ्री मॅच (तीनपैकी दोन गेम जिंकायचे) 50 मिनिटांची धरतात, म्हणजे 4 राउंडला 200 मिनिटं नुसती खेळण्याची, वर प्रत्येक राउंडला जोड्या लावणं, उशिरा संपलेलं टेबल, चहा. पाचला सुरू केलं तर सहज साडेनऊ. पोकेमॉन बेस्ट ऑफ वन, 30 मिनिटांचा राउंड ठेवला तर तेच 4 राउंड अडीच तासांच्या आत उरकतात. शाळकरी पब्लिक असेल तर उत्तर इथेच मिळालं, यात आवडीनिवडीचा प्रश्नच येत नाही.

मॅजिकवाल्यांसाठी नवीन दुकानाने कमांडर या फॉरमॅटने सुरुवात करावी असं मी म्हणेन. 100 कार्डांचा डेक, बेसिक लँड (साधी जमिनीची कार्डं) सोडून प्रत्येक कार्ड एकच, प्रत्येकाला 40 लाइफ, चार जणांचं टेबल. लोकांकडे डेक आधीच असतो, नसेल तर प्रीकॉन म्हणजे कंपनीचा तयार डेक मिळतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो. हरलं तरी गप्पा मारत बसतात, थंड पेय घेतात, तुमच्या दुकानाला तेच हवंय. अडचण आकड्याची. चार आले छान, सहा आले तर तीन-तीन, सात आले तर चार-तीन, त्यापुढचा कुठलाही आकडा तीन आणि चारच्या टेबलांत बसतो, फक्त पाच जण आले की पंचाईत. मग तुम्ही नाहीतर काउंटरवरचा पोरगा सहावा म्हणून बसतो. आणि डेकची ताकद सारखी नसते, एकाचा साधा प्रीकॉन आणि दुसऱ्याचा चौथ्या टर्नला गेम संपवणारा, म्हणून टेबल लावताना आधी विचारून घ्या. कमांडरला मोठी बक्षिसं मात्र लावू नका, बक्षीस मोठं झालं की टेबलावरची मजा संपते आणि दोघं मिळून तिसऱ्याला पाडायला लागतात.

स्टँडर्ड आणि पायोनियर हे मॅजिकचे स्पर्धेचे फॉरमॅट आहेत, 60 कार्डांचा मेन डेक, 15 चा साइडबोर्ड, म्हणजे दोन गेमच्या मध्ये बदलायची जादा कार्डं. स्टँडर्डमधून जुने सेट बाहेर जातात, 2023 पासून ती मुदत दोनाची तीन वर्षं केली तरी इथल्या माणसाला तो खर्च टोचतोच. पायोनियरमध्ये 2012 च्या रिटर्न टू रॅव्हनिकापासूनची कार्डं चालतात, मॉडर्नमध्ये 2003 च्या एट्थ एडिशनपासूनची. तुमच्याकडे आठ पक्के लोक आणि आठ पूर्ण डेक असतील तरच हे दर आठवड्याला ठेवा. नसतील तर पॉपर बघा, त्यात फक्त कॉमन, म्हणजे पॅकमध्ये सहज मिळणारी कार्डं चालतात, आणि कॉमन कार्डं तर सगळ्यांच्या डब्यात तळाशी धूळ खात पडलेली असतात, शिवाय दुकानातला साठाही त्यात खपतो. पॉपर म्हणजे गरिबांचा फॉरमॅट असं कुणी म्हणालं तर त्याला एकदा खेळायला बसवा, डोकं भरपूर लागतं त्यात.

ड्राफ्ट हा वेगळाच विषय. डेक आणायचाच नाही, प्रत्येकाला 3 पॅक, एक कार्ड उचलून पॅक शेजाऱ्याकडे, शेवटी 40 कार्डांचा डेक बांधून खेळायचं. सगळे एकाच पायरीवर उभे, जुना खेळाडू डेकच्या पैशावर जिंकत नाही, अनुभवावर जिंकतो. पण आठ जणांना 24 पॅक लागतात, वर बक्षिसाचे, आणि पॅकचे दर बघता दर आठवड्याला कोण देणार? महिन्यातून एकदा, पगार झाल्यावरचा शनिवार, आणि नवा सेट आल्यावर. सील्डला, म्हणजे आपलेच पॅक उघडून त्यातूनच डेक बांधायचा, तर प्रत्येकी 6 पॅक, तो प्रीरिलीजपुरताच (नवा सेट विक्रीला यायच्या आधीची स्पर्धा) ठेवा. उचलायचं, बांधायचं, खेळायचं मिळून चार तास जातात हेही लक्षात असू द्या.

पोकेमॉनमध्ये स्टँडर्डसाठी कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं छोटं अक्षर बघतात, जुनी अक्षरं ठरावीक काळाने बाद होतात. आईबाबांना हे सांगणं अवघड असतं, आत्ता तर घेऊन दिली होती ना म्हणतात. त्यावर जिम लीडर चॅलेंज चांगला उपाय आहे, खेळाडूंनीच सुरू केलेला फॉरमॅट, 60 कार्डं, सगळे पोकेमॉन एकाच टाइपचे, बेसिक एनर्जी सोडून प्रत्येक कार्ड एकच, आणि रूल बॉक्सवाली (खास नियमाची चौकट छापलेली) महागडी कार्डं बंद. लहान मुलगासुद्धा स्वतःच्या कार्डांतून पाण्याचा किंवा आगीचा डेक बांधतो आणि मोठ्याला हरवतो पण. युगिओला रोटेशनच नाही, म्हणजे जुनी कार्डं काळाने बाद होत नाहीत, जुनं कार्ड बंदी यादीत नसलं की चालतं, पण आजच्या कॉम्बो डेकसमोर शाळेतला जुना डेक पहिल्या टर्नलाच आडवा होतो. तिथे जुन्या काळाचे फॉरमॅट ठेवा, 2005 चा गोट किंवा 2010 चा एडिसन, कार्टून बघून मोठे झालेले इंजिनीअरिंगचे पोरं यासाठी धावत येतात.

कॅलेंडर शेजारी ठेवूनच फॉरमॅट ठरवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाच्या परीक्षा, तेव्हा शाळकरी मुलांचं काही ठेवू नका, नोकरीवाल्यांचा कमांडर चालू ठेवा. दिवाळीत हॉस्टेलवाले जळगाव-धुळ्याला घरी जातात, पण इथल्या शाळकरी मुलांना सुट्टी असते, म्हणजे उलटं. रंगपंचमीला सुट्टीच द्या, गावात रहाडी (रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडल्यावर कोण पत्ते खेळायला येतंय. रविवार सकाळ मिसळीची असते, अकराच्या आधी माणूस हलत नाही. पावसाळ्यात फॉइल म्हणजे चमकणारी कार्डं वाकतात आणि डेकमध्ये ती लगेच ओळखू येतात, त्यामुळे स्लीव्ह (कार्डाचं प्लास्टिक कव्हर) सक्तीचे करा आणि फारच वाकलेलं असेल तर साधी कॉपी आणायला सांगा.

प्रॉक्सीचा, म्हणजे खऱ्या कार्डाऐवजी छापलेल्या कॉपीचा प्रश्न येणारच. अधिकृत स्पर्धेत खेळाडूने घरून छापून आणलेलं कार्ड चालत नाही, तिथे वाद नाही. घरगुती कमांडर रात्रीला मर्यादा घालून चालू द्या, शिकणारा माणूस आधी खेळून बघेल आणि मग विकत घेईल. बक्षीस रोख कधीच नको. पत्ते, एंट्री फी आणि रोख बक्षीस हे तीन शब्द एकत्र ऐकले की इथल्या पालकांच्या डोक्यात एकच गोष्ट येते. पॅक द्या किंवा दुकानाचं क्रेडिट, आणि शेवटच्या नंबरालाही एखादा पॅक मिळेल असं बघा.

एक फॉरमॅट ठरला की निदान दोन महिने तोच वार, तीच वेळ. दर आठवड्याला बदललात तर कोणीच डेक बांधणार नाही. आठ जण नियमित यायला लागले की मग दुसऱ्या वारी दुसरा फॉरमॅट, पहिल्याला धक्का न लावता. आणि ग्रुपवर मेसेज टाकताना गेम, फॉरमॅट, किती राउंड, किती वाजता संपणार, फी किती आणि त्यात काय मिळणार, प्रॉक्सी चालेल का, डेक नसेल तर दुकानाचा मिळेल का, एवढं सगळं एकाच मेसेजमध्ये लिहा, नाहीतर शनिवारी दिवसभर हेच फोन घेत बसाल.