स्कॉट्स शब्दांची रूपं जुळवताना या चुका टाळा

स्कॉट्स या स्कॉटलंडमधल्या, इंग्रजीच्या जवळच्या भाषेला सर्वमान्य शुद्धलेखन नाही. ‘चांगला’ या अर्थाचा एकच शब्द कुणी जी-यू-आय-डी लिहितो, कुणी जी-यू-डी-ई, तर ईशान्य स्कॉटलंडात, ॲबर्डीनकडे, जी-डब्ल्यू-ई-ई-डी. पंधराव्या-सोळाव्या शतकातली कागदपत्रं हाती घेतली की प्रकार आणखी वाढतात. ही सगळी रूपं संगणकाकडून एका नोंदीखाली आणायची म्हटलं की बहुतेक जण थेट लेव्हनश्टाइन अंतर लावतात, म्हणजे एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, गाळावी किंवा बदलावी लागतात ते मोजतात. पहिली चूक तीच.

प्रत्येक बदलाला सारखीच किंमत

जी-यू-आय-डी आणि जी-यू-डी-ई यांच्यातलं अंतर २. पण जी-यू-आय-डी आणि जी-ए-ई-डी (‘गेला’) यांच्यातलंही २ च. जुन्या स्कॉट्समधला क्यू-यू-एच-ए-टी म्हणजे ‘काय’. आजच्या डब्ल्यू-एच-ए-टी पासून तो २ ने दूर, आणि क्यू-यू-एच-ए-आर म्हणजे ‘कुठे’, त्याच्यापासून फक्त १ ने. मर्यादा १ ठेवली तर बरोबर जोडी सुटते आणि चुकीची जुळते. २ ठेवली तर सगळंच आत येतं.

कारण सरळ आहे. लेव्हनश्टाइन टायपिंगच्या चुका मोजायला ठीक, पण इथे चुका नाहीतच, लिहिण्याच्या सवयी आहेत. त्या सवयींना स्वस्त किंमत द्या: यू-व्ही-डब्ल्यू आपसात ०.१, आय-वाय-जे आपसात ०.१, क्यू-यू-एच किंवा क्यू-डब्ल्यू-एच ऐवजी डब्ल्यू-एच (अख्खा गट एक एकक धरून) ०.१, शब्दाच्या शेवटचा ई ०.२, यू-आय ऐवजी ‘यू, व्यंजन, ई’ हा साचा ०.२. बाकी सगळं १. बेरजेला लांब शब्दाच्या अक्षरसंख्येने भागा आणि ०.१५ च्या वरचं टाकून द्या. मग सात अक्षरी शब्दात एक पूर्ण किमतीचा बदल खपतो, पाच अक्षरीत नाही. हे आकडे सुरुवातीपुरते. आपल्या मजकुरावर तपासून हलवा.

नियमांचा क्रम उलटा

आधी सगळे यू बदलून व्ही किंवा डब्ल्यू केले, की क्यू-यू-एच शोधणाऱ्या नियमाला काहीच सापडत नाही. लांब गट आधी, सुटी अक्षरं नंतर. शेवटच्या आय-एस आणि आय-टी चंही तसंच: ते अनेकवचनाचे आणि भूतकाळाचे प्रत्यय आहेत खरे, पण आंधळेपणाने छाटले तर ‘धिस’ आणि ‘स्पिरिट’ यांचाही बळी जातो. छाटून उरलेलं रूप शब्दयादीत असेल तरच छाटा.

झेड हा तर खास स्कॉटिश घोळ. जुनं योख हे अक्षर (उच्चार बहुधा ‘य’सारखा) छापखान्यांनी झेडने छापलं, म्हणून मेन्झीज हे आडनाव मूळ उच्चारात ‘मिंगिस’. सरसकट झेडचा वाय केला तर खरे झेडवाले शब्द मोडतात. दोन्ही रूपं तयार करा आणि कोशात सापडेल ते ठेवा. शिवाय योख आणि दिसायला जवळजवळ तसंच असलेलं एझ यांचे युनिकोड क्रमांक वेगळे आहेत; फाइल उघडल्या-उघडल्या दोन्ही एक करून टाका. सरळ आणि वाकडी अपॉस्ट्रॉफीही तेव्हाच उरका.

साउंडेक्सवर भिस्त

साउंडेक्स म्हणजे उच्चारावरून शब्दाला एक अक्षर आणि तीन आकड्यांचा संकेत देणारी पद्धत. १९१८ मध्ये पेटंट घेतलेली ही पद्धत पहिलं अक्षर जसंच्या तसं ठेवते. त्यामुळे ‘काय’ची जुनी-नवी रूपं क्यू३०० आणि डब्ल्यू३०० अशी फुटतात, ईशान्येकडचं एफ-आय-टी तर एफ३००. उलट ‘चांगला’ची वरची तिन्ही रूपं जी३०० खाली येतात खरी, पण देव, बकरी आणि ‘गेला’ही तिथेच. आधी गाळायला वापरा, निकाल द्यायला नको.

एफ-आय-टी बद्दल एक जास्तीची सावधगिरी: ईशान्येला तो ‘काय’, मध्य पट्ट्यात ‘पाऊल’. डब्ल्यू-एच ऐवजी एफ हा नियम मजकुराचा प्रदेश माहीत असेल तरच चालू करा. ई-ई-एन म्हणजे सहसा ‘डोळे’, ईशान्येत ‘एक’ सुद्धा. इथे अक्षरांचं अंतर काही सांगत नाही, शेजारचे शब्दच सांगतात.

इंग्रजीकडे ओढणं, कच्चा माल न तपासणं

टी-ए-ई चं इंग्रजी रूप काढायला गेलात तर तीन निघतात: टू, ‘सुद्धा’वालं टू आणि पायाचं बोट. त्यामुळे लक्ष्य इंग्रजी शब्द नको, स्कॉट्स कोशातली नोंद हवी. ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’मध्ये १७०० पर्यंतचा आणि नंतरचा असे दोन्ही कोश एकत्र आहेत, आणि नोंदींसोबत पर्यायी रूपंही दिलेली असतात. ती आधी यादीत भरा. अंतराचं गणित फक्त उरलेल्यांसाठी.

स्कॉट्स विकिपीडियावरून शब्दयादी बनवू नका. तिथले हजारो लेख भाषा न येणाऱ्या एका अमेरिकन किशोराने लिहिल्याचं २०२० मध्ये उघड झालं. असा माल प्रोग्रॅमच्या शिकवणीत गेला की बनावट रूपंही ‘पर्याय’ म्हणून पक्की होतात.

चाचणीसाठी शब्द यादृच्छिक वाटू नका, अख्खे मजकूर बाजूला काढा. नाहीतर एकाच लेखनिकाच्या सवयी शिकवणीत आणि चाचणीत दोन्हीकडे येऊन गुण फुगतात. शिवाय गुण दोनदा मोजा, एकदा वेगवेगळ्या रूपांवर आणि एकदा एकूण वापरांवर. ‘काय’ आणि ‘कुठे’ इतके वारंवार येतात की दुसरा आकडा दुर्मिळ शब्दांची वाताहत सहज झाकतो.